तेलकुंड आणि उभ्या सावल्या

एका राज्यात भर दुपारी खिडक्या बंद असत. बाहेर ऊन रणरणे आणि आत घरोघरी समया जळत. वाट चुकून आलेल्या परक्याला वाटे, इथले लोक वेडे आहेत. वेडे नव्हते हो. त्यांची माया जरा बेताबाहेरची होती, इतकेच.

त्याचे असे झाले. राजवाड्यामागच्या डोंगराच्या पोटात एक तेलकुंड होते. तेल काळे, दाट, आणि त्याला ओल्या रानाचा वास. हे तेल घालून दिवा लावला की त्या घरातले जे माणूस वारले असेल, त्याची सावली समोरच्या भिंतीवर उमटे. ती बोलत नसे, पण मान हलवी, पदर सावरी. पूर्वी रीत होती ती अशी: माणूस गेले की तेराव्यापर्यंत दिवा तेवत ठेवायचा, मग घरच्या कर्त्याने तो आपल्या हाताने शांत करायचा आणि खिडकी उघडायची. पुढे एका राजाला आईचा दिवा शांत करवेना. राजाने केला नाही म्हणून प्रधानाने केला नाही, प्रधानाने केला नाही म्हणून शिंप्याकुंभाराने केला नाही. दिवा शांत करणे म्हणजे आपल्या माणसाला घराबाहेर काढणे, असे लोक म्हणू लागले. उन्हात सावल्या पुसट होतात म्हणून खिडक्यांना खिळे ठोकले. पिढ्या गेल्या, सावल्या वाढल्या, आणि कित्येक घरांत भिंत पुरेना.

आमच्या कथेतला राजा उदयभान. त्याची राणी चारुमती बाळंतपणात गेली आणि मागे राहिली राजकन्या हेमकळा. राणीचा दिवा लावून राजा भिंतीसमोर बसला तो बसलाच. राज्य प्रधान चालवी. हेमकळेला आई ठाऊक होती ती भिंतीवरची.

आणि एके दिवशी कुंडातून घागर वर आली ती गाळाने भरून. नगरात हलकल्लोळ झाला. दवंडी पिटली, जो नवे तेल आणील त्याला अर्धे राज्य. कोणी करंजाचे आणले, कोणी जवसाचे, कोणी सात समुद्रांपलीकडच्या माशाचे. सगळी तेले झकास जळाली. भिंती मात्र कोऱ्याच राहिल्या. लोकांनी बुधले परत पाठवले. उजेड हवा होता कोणाला?

हेमकळा राजापुढे आली. म्हणाली, "महाराज, मी शोधाला जाते."

राजा म्हणाला, "जा. तेल घेऊनच ये." आणि भिंतीवरची नजर त्याने काही काढली नाही.

कुंडाच्या तोंडाशी एक भारद्वाज पक्षी बसला होता. तो म्हणाला, "राजकन्ये, दूर कशाला जातेस? खाली उतर." तिने दोर बांधला आणि उतरली. तळाच्या गाळात एक म्हातारी बसली होती. तिच्या केसांत मुळे गुंतली होती, आणि एकेक मूळ ती सोडवत होती.

"आजी, आपण कोण?"

"मी अरण्य. होते, असे म्हण. धरणीने मला गिळले, माझे तेल झाले. तेराव्यापुरते मी राजीखुशीने देत होते. तुम्ही मला तळापर्यंत खरवडलेत. म्हणून मी शाप दिला. दिवा जळतो तोवर तुमच्या गेलेल्यांना जाता यायचे नाही आणि बसताही यायचे नाही. आईला कधी बसलेली पाहिलीस?"

"नाही," हेमकळा म्हणाली.

"तेल संपून दिवे आपोआप विझले, तर ती माणसे अंधारात कायमची तशीच उभी राहतील. हातांनी शांत केले तरच सुटतील. आता दिव्यांवाचून नगर चालायचे तर तीन कामे कर. वाऱ्याला आण. सूर्याला आण. आणि बापाच्या हातून तो दिवा शांत करून घे."

"तिसरे मीच करते."

"तू घरची कर्ती नाहीस," म्हातारी म्हणाली, आणि पुन्हा केस सोडवू लागली.

वारा एका खिंडीत राहत असे. तो म्हणाला, "येईन, जाती फिरवीन. पण मनात नसेल त्या दिवशी येणार नाही, आणि मला कोणी बोल लावायचा नाही." हेमकळा म्हणाली, "मान्य." सूर्य पूर्वेच्या टेकडीवर भेटला. तो म्हणाला, "येईन. पण संध्याकाळी मी आपल्या घरी जाणार. हे स्फटिकाचे रांजण घे, यांत दिवसाचा उजेड भरून ठेवा. जपून वापरलात तर निजेपर्यंत पुरेल." हेमकळा म्हणाली, "मान्य." दोघे तिच्यामागून निघाले आणि वेशीपाशी थांबले. म्हणाले, "बंद खिडक्यांच्या घरांत आम्ही पाऊल टाकत नाही."

ती एकटीच महालात आली. समईत तेल तळाला लागले होते.

"तेल आणलेस?" राजाने विचारले.

"नाही, महाराज." तिने सगळे सांगितले.

"म्हणजे तिला मी घालवू?"

"घालवू नका. जाऊ द्या."

"तुला काय कळणार. तू तिला पाहिलेलीसुद्धा नाहीस."

हे राजाने बोलायला नको होते. पण बोलला. हेमकळा म्हणाली, "खरे आहे. मी नुसती सावली पाहिली. पण ती उभी आहे, एवढे मला दिसते. माझा जन्म झाला तेव्हापासून उभी आहे. बाळंतिणीला कोणी असे उभे ठेवते का, महाराज?"

इतकी वर्षे राजा राणीकडे पाहत होता आणि हे त्याला एकदाही सुचले नव्हते. तो उठला. चिमटीत त्याने ज्योत धरली, बोटे पोळली तरी सोडली नाही. ज्योत लहान होता होता राणीची सावली पदर सावरून खाली बसली. भिंतीला पाठ टेकली. मग भिंत नुसती भिंत झाली.

राजाने स्वतः खिळे उपटले. खिडकी उघडताच ऊन आत आले, मागून वारा आला. ते पाहून प्रधानाने आपल्या घरचे दिवे शांत केले, मग शिंप्याने, मग कुंभाराने. त्या दिवशी नगरात जे रडणे झाले, ते कित्येक पिढ्यांचे राहून गेलेले होते. शाप फिटला. जाती वाऱ्यावर फिरू लागली. वाऱ्याच्या मनात नसेल त्या दिवशी लोक कुरकुरत आणि शिळे खात. संध्याकाळी स्फटिकाच्या उजेडात जेवत आणि वेळेवर निजत. कुंडाच्या गाळात कसलीशी रोपे उगवली.

सगळे आले जागच्या जागी. पण राजाचे काय?

खिडकीतल्या उन्हात त्याला समोर एक उंच, उन्हाने रापलेली मुलगी दिसली. तो पाहतच राहिला. म्हणाला, "बाळ, तू एवढी मोठी कधी झालीस?"

हेमकळा म्हणाली, "रोज थोडी थोडी, महाराज."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर राजाला बरे वाटले असते.

दुसऱ्या दिवसापासून राजा सकाळी चंद्रावळ दाईच्या ओसरीवर जाऊन बसू लागला. हेमकळेला तिनेच वाढवले होते. राजा विचारी, पहिला दात कधी आला, पहिल्यांदा हट्ट कशाचा केला, ताप आला तेव्हा कोणाला हाक मारली. दाई आता थकली होती, पुष्कळ विसरली होती. आठवे तेवढे सांगे. राजा ते मन लावून ऐके आणि रोज नवे काही विचारी.

एकदा त्याने विचारले, "तिने पहिले पाऊल कोठे टाकले?"

दाई म्हणाली, "आपल्याच महालात, महाराज. आपण तेथेच होता. मी हाकही मारली होती."