राणीची बैठक

त्या राज्यात फाटलेल्याला जागा नव्हती. तसा कायदाच कापडावर रंगवून वेशीवर टांगला होता: जे फाटेल ते बंबात जाईल. त्यामुळे आंघोळीचं पाणी उत्तम तापायचं, आणि ऊन पाण्याने न्हाणाऱ्यांना या कायद्यात काही वावगं दिसत नव्हतं.

बंबाची वाट बघणाऱ्यांचं एक बोचकं होतं. त्यात किनारवहिनी राहायची. तिचं लुगडं केव्हाच विरून गेलं, ती मात्र दणकट उरली. तिला बिलगून तिची धाकटी जाऊ असायची, चोळीची बाही. रोज सकाळी बोचक्यातून मूठभर जात. उद्या बाहीची पाळी होती.

त्याच दिवशी भर दरबारात चर्रकन आवाज झाला. राज्यावर आरामखुर्ची राणी होती. न्हाऊनमाखून आलेलं पितळी घंगाळ, दरबारातली सगळ्यांत जड असामी, रोजच्यासारखं तिच्या मांडीवर विसावलं आणि कापडी बैठक फाडून आरपार जमिनीवर आलं. पाल चुकचुकली असेल, असं सगळ्यांनी एकमताने ठरवलं. पण राणीला कायदा पाठ होता, आणि सागवान किती छान जळतं हेही.

प्रधान म्हणजे मांजरपाटाचं कोरं ठाण. अंगात खळ इतकी, की मुजरा करताना कडकड वाजे. त्याने मोठ्या मनाने स्वतःतला तुकडा दिला. सुईमावशीने तो तीनदा शिवला, तिन्ही वेळा टाक्यावरच फाटला.

"कोऱ्यात शिरायचं म्हणजे भिंतीत शिरायचं," मावशी वैतागली. "मला धुवून धुवून नरमलेलं पाहिजे. ते बोचक्यात आहे."

किनारवहिनीला बोलावणं गेलं. ती बाहीला घेऊन आली आणि म्हणाली, एकटी शिवून घ्यायची नाही; थरावर थर लागतील, सगळं बोचकं येईल.

"आणि कायदा?" राणीने विचारलं.

"तो तुम्हाला आधी लागतो, राणीसाहेब. आमची पाळी उद्या. तुम्ही आजच फाटलात."

"जाऊबाई, दमानं," बाही कुजबुजली. "राणी आहे ती."

"आहे ना. म्हणून तर शिवायची."

मग काय, गोधडी शिवतात तसं काम सुरू झालं: आधी कड, मग फेऱ्यावर फेरा घेत मध्याकडे. किनारवहिनी चारी बाजूंनी फिरली. आत धोतरं गेली, परकर गेले, मच्छरदाणीसुद्धा गेली. बाही राणीच्या हातावर चढली, अगदी मापाची. बोचकं संपलं, आणि नेमकं मध्ये वीतभर भोक उरलं.

प्रधानाला हायसं वाटलं. सगळे इकडेतिकडे बघू लागले. किनारवहिनीने वेशीकडे बघितलं.

कायदा तिथे फडफडत होता. वर्षानुवर्षांच्या उन्हापावसाने तो मऊसूत झाला होता. त्याची कड तर कधीच फाटली होती. मान वर करून कुणी बघितलंच नव्हतं. मावशी जाऊन टोचून आली. "लोणी आहे, लोणी," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बंब थंड होता. गार पाण्याने न्हालेलं घंगाळ कुडकुडत दरबारात आलं. त्याने घाबरत घाबरत राणीच्या मांडीवर अंग टाकलं. दरबाराने कान टवकारले. चर्र नाही, चुर्र नाही. राणी तेवढी सुखाने करकरली.

बैठकीच्या मधोमध, जिथे सगळा भार येतो तिथे, उलटी अक्षरं दिसत होती: जे फाटेल ते. पुढची टाक्यांखाली गेली होती.