जिच्याकडून दूत आला नाही

फार पूर्वी अरुणावती नगरीत दृढवर्मा नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका वैद्यकुळात जन्माला आले. त्यांचे नाव भद्रघोष. आईवडील लवकर वारले, तेव्हा राजवैद्य आचार्य माणिभद्र यांनी त्यांना आपल्या घरी आणले, पोटच्या मुलासारखे वाढवले आणि विद्या दिली. माणिभद्रांच्या हाताला गुण होता. स्वभाव शांत, बोलणे गोड, लोभ नावालाही नाही. ही गोष्ट अशा भल्या माणसाच्या घरी घडली, हे आधीच सांगून ठेवतो. वाईट माणसाच्या घरी घडली असती तर तिच्यात सांगण्यासारखे काही नव्हते.

त्या काळी वैद्य घराबाहेर पाऊल टाकण्याआधी दूताकडे पाहत. रोग्याच्या घरून जो बोलावणे घेऊन येई तो दूत. दूताने स्वच्छ पांढरे वस्त्र नेसलेले असावे, हाती फूल किंवा फळ असावे, तो नगराच्या पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या दाराने यावा. म्हणजे रोगी बरा होणार. पण दूत फाटक्या किंवा ओल्या वस्त्रात आला, केस सुटलेले असले, रडत असला, हातात कोयता किंवा सुरी असली आणि त्यातून दक्षिणेकडून आला, तर रोग्याने यमाची वाट धरली असे समजावे. अशा घरी वैद्याने जाऊ नये. गेल्याने रोगी वाचत नाही आणि वैद्याचे यश मात्र जाते.

आता अरुणावतीच्या दक्षिणेला राहत होते कोण? बुरूड, चांभार, रंगारी आणि स्मशानात लाकडे रचणारी माणसे. नगराची गटारे त्याच बाजूला सुटत. नदी उत्तरेकडून येताना निर्मळ असे. सारे नगर धुऊन झाले की तेच पाणी दक्षिण वस्तीत पोचे, आणि वस्ती ते पिई. बांबू भिजवल्याशिवाय त्याची टोपली होत नाही, म्हणून बुरडांची वस्त्रे बारा महिने ओली. कोयता तर त्यांच्या हाताला चिकटलेलाच. असा माणूस घरातले कोणी आजारी पडले की हातातले काम टाकून धावत सुटे आणि अपशकुनाची सगळी चिन्हे अंगावर घेऊन वैद्याच्या दारात उभा राही.

पावसाळा सरता सरता नगरात ताप येई. उत्तरेच्या आळीतला माणूस तुपाची धार घातलेली पेज पिऊन पडून राही आणि काही दिवसांनी उठून कामाला लागे. दक्षिण वस्तीत तोच ताप माणूस घेऊन जाई. बातमी आली की माणिभद्र उसासा टाकून म्हणत, "पाहिलंस, भद्रघोष? दूतानं आधीच सांगितलं होतं." शास्त्र खोटे पडू नये याची सोय माणसे नकळत फार चोख करतात.

त्या वस्तीत कण्हा नावाची एक बुरडीण होती. एका शरदात तिचा नवरा तापाने पडला, तेव्हा ती ओल्या वस्त्रानिशी, हातात कोयता तसाच, रडत वैद्यांच्या दारी आली. माणिभद्रांनी तिच्याकडे पाहिले आणि मान खाली घातली.

"आचार्य, मी जाऊन येऊ का?" बोधिसत्त्वांनी विचारले.

"चिन्हं पाहिलीस ना? जे व्हायचं ते टळत नाही. उगाच तिला खोटी आशा कशाला लावायची?"

शिष्याने गुरूची आज्ञा मानली. कण्हाचा नवरा गेला. घरात ती आणि तिची लहानगी उप्पली अशा दोघीच उरल्या.

पुढच्या शरदात उप्पली तापली. नवऱ्याच्या वेळी आपले काय चुकले ते कण्हाने वर्षभर विचार करून शोधून ठेवले होते. या खेपेला ती चूक करणार नव्हती. तिने उप्पलीच्या उशाशी पाण्याचे मडके ठेवले. ओळखीच्या परटिणीच्या पाया पडून एका सावकारणीचे धुवायला आलेले पांढरे वस्त्र मागून आणले. अंघोळ केली. केस वाळेपर्यंत उन्हात बसून राहिली. त्या वेळी आत पोर कण्हत होती. मग तळ्यावर जाऊन एक कमळ तोडले आणि नगराच्या तटाला बाहेरून लांब वळसा घालून ती पूर्वेच्या दाराने आत शिरली. वाटेत ती रडली नाही. रडलेल्या डोळ्यांचा दूत चालत नाही, हे तिला ठाऊक होते. वैद्यांच्या दारी ती पोचली तेव्हा सकाळ कधीच उलटून गेली होती.

माणिभद्रांनी तिला ओळखले नाही. गरिबाचा चेहरा कोण लक्षात ठेवतो? त्यांना दिसले ते पांढरे वस्त्र आणि कमळ.

"फार उत्तम चिन्हं," ते प्रसन्न होऊन म्हणाले. "भद्रघोष, तू जा. तुझ्या हाताला पहिलं यश इथंच येऊ दे."

कण्हा पूर्वेच्या रस्त्याने शांतपणे चालू लागली. वैद्यांचे घर दिसेनासे झाले मात्र, तिने दक्षिणेची वाट धरली आणि ती पळू लागली.

"बाई, घर कुठं तुमचं?" बोधिसत्त्वांनी मागून विचारले.

"बुरूडवाड्यात, वैद्यबाबा. रागवा, शिव्या द्या, पण थांबू नका. पोर एकटी हाय."

बोधिसत्त्वांना सारे कळले. तेही धावू लागले.

वस्ती ओस होती. सगळी माणसे बांबू तोडायला रानात गेली होती. एक दिवस घरी बसले तर रात्री चूल पेटत नाही, म्हणून आजाऱ्यापाशी बसायला कोणी मागे राहत नसे. झोपडीत उप्पली मडक्याकडे हात करून पडली होती. मडके रिकामे होते. बोधिसत्त्वांनी नाडी पाहिली. अंग अजून ऊन होते, पण नाडी नव्हती.

कण्हाला त्यांचा चेहरा पाहून कळले. ती कोपऱ्यात गेली, अंगावरचे पांढरे वस्त्र तिने सोडले, आपले जुनेर नेसली आणि ते वस्त्र नीट घडी करून उंच फळीवर ठेवले. ते दुसऱ्याचे होते, मळून चालणार नव्हते. मग ती येऊन मुलीजवळ बसली.

"सकाळीच आल्या असतात तर..." बोधिसत्त्वांच्या तोंडून निघून गेले.

"सकाळी आले असते," कण्हा म्हणाली, "तर तुमी आला असता का?"

बोधिसत्त्व तिच्या शेजारी जमिनीवर बसले. संध्याकाळी वस्तीतली माणसे परतली, तोवर ते तिथेच बसून होते. उप्पलीला घेऊन स्मशानात गेले तेव्हाही ते बरोबर होते. फार लांब जावे लागले नाही, स्मशान शेजारीच होते.

माणिभद्रांनी सारी हकीकत ऐकली. त्यांना वाईट वाटले, आणि थोडे हायसेही वाटले.

"म्हणजे दूत खोटा होता," ते म्हणाले. "खरी चिन्हं अशुभच होती. तिनं ती झाकली एवढंच. शास्त्र खरं ठरलं, बाळा."

"आचार्य," बोधिसत्त्व म्हणाले, "ती चिन्हं पोरीच्या मरणाची नव्हतीच. आईच्या गरिबीची होती. आपण गरिबी पाहिली आणि तिला मरण म्हटलं. मग आपण गेलो नाही, म्हणून मरण आलं."



"तू तिथं जायचं म्हणतोस, हे मला दिसतंय," माणिभद्र म्हणाले. "पण रोज दक्षिणेकडून येणाऱ्या माणसाला मी या उंबऱ्यात कसा घेऊ? इथून राजवाड्यात औषधं जातात. माझं मन तुटतं, भद्रघोष. पण नियम माझ्या एकट्याचा नाही."

बोधिसत्त्वांनी गुरूंच्या पायांवर डोके ठेवले आणि ते घराबाहेर पडले. दोघांच्याही डोळ्यांत पाणी होते, पण नियम दोघांपेक्षा मोठा ठरला.

दक्षिण वस्तीच्या कडेला त्यांनी एक झोपडी बांधली. कोणाला वाटेल, वस्तीने त्यांना डोक्यावर घेतले असेल. तसे काही झाले नाही. गुरूने घालवून दिलेला वैद्य म्हणजे काहीतरी पाप करून आलेला असणार, असे लोकांना वाटे. नगरातले जुने सोबती वाटेत भेटले तर दुसऱ्या बाजूने जात. ते एकटे रांधत आणि एकटे जेवत. पावसात झोपडी गळे तेव्हा आचार्यांच्या ओसरीची आणि तिथल्या बोलण्याचालण्याची त्यांना फार आठवण येई. त्या दिवसांत कोणी त्यांना नुसती नावाने हाक मारली असती, तरी त्यांचा दिवस चांगला गेला असता.

हळूहळू कोणी मूल घेऊन येई, कोणी चिरलेली बोटे घेऊन. औषधे तुपातून किंवा दुधातून द्यायची असे ते शिकले होते. वस्तीत तूप कुठले? मग त्यांनी आधी धान्य मागून आणायला आणि पेज शिजवायला सुरुवात केली. नगराच्या वरच्या अंगाहून नदीचे निर्मळ पाणी भरून आणायला चार माणसे लावली. औषध त्यानंतर. पुष्कळदा पेजेने आणि पाण्यानेच माणूस उठून बसे, औषधाची पाळीच येत नसे.

पण एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. इथेही ज्याच्या घरी निरोप द्यायला कोणी आहे, त्याचाच निरोप येतो. ज्याचे कोणीच उरले नाही त्याने कोणाला पाठवायचे? तेव्हापासून रोज सकाळी ते वस्तीभर फिरू लागले. दारोदार थांबून विचारत, "आहे का कोणी? बरं आहे ना?" लोक हसत. "आमच्या वैद्यबाबांना ताप भीक मागून आणावा लागतो," असे म्हणत. तेही हसत आणि पुढच्या दारी जात.

कण्हा कधी उत्तर देत नसे. मुलगी गेल्यापासून ती कोणाशी बोलली नव्हती. टोपल्या विणून दाराबाहेर ठेवी, व्यापारी उचलून नेई. ती आत विणताना दिसे, आणि बोधिसत्त्व तेवढ्याने पुढे जात.

एका सकाळी विणण्याचा आवाज आला नाही. बोधिसत्त्वांनी हाक मारली, पुन्हा मारली, आणि ते वाकून आत गेले. कण्हा भिंतीकडे तोंड करून पडली होती. अंग निखाऱ्यासारखे तापले होते, ओठ फुटले होते. कुडाच्या पलीकडे शेजारीण राहत होती, पण कण्हाने तिला हाकही मारली नव्हती. येणारे कोणी नाही, हे तिने मनाशी ठरवून टाकले होते.

त्यांनी तिच्या तोंडात थेंब थेंब पाणी घातले. कपाळावर ओली पट्टी ठेवली, काढा दिला, पेज शिजवली. शेजारणीला बोलावून जवळ बसवले, तिच्या घरी त्या दिवशीचे धान्य पोचवले, आणि स्वतःही उठले नाहीत. ताप चढत होता, उतरत होता. कण्हा वाचेल की नाही हे त्यांनाही सांगता येत नव्हते. बऱ्याच दिवसांनी एका सकाळी तिला घाम फुटला आणि तिने डोळे उघडले. उशाशी बसलेल्या माणसाकडे ती बघत राहिली.

"बोलवायला कोण आलं हुतं?" तिने विचारले. "माझं तर कुणीच न्हाई."

"कोणी आलं नव्हतं."

"मग कसं आलात?"

"चालत आलो, बाई. जवळच राहतो."

हे ऐकून कण्हा रडू लागली. उप्पली गेली त्या दिवशीही ती अशी मोठ्याने रडली नव्हती. बोधिसत्त्वांनी तिला रडू दिले. मग तिने हात पुढे केला आणि पेजेची वाटी घेतली.

भिक्षूंच्या शास्त्यांनी, म्हणजे गुरूंनी, ही कथा सांगितली ती विहाराच्या कुंपणाबाहेर, एका खोपटाच्या दारात उभे राहून. विहाराचे अंगण झाडणारी सोणी नावाची म्हातारी तिथे आजारी पडून होती. भिक्षू रोज त्या वाटेने भिक्षेला जात. "तिच्याकडून निरोप आला नाही, भन्ते," असे ज्येष्ठ भिक्षू स्थविर उग्रसेन म्हणाले होते. तेव्हा शास्ते स्वतः तिच्यासाठी पेज घेऊन आले आणि भिक्षू त्यांच्या मागोमाग आले.

कथा संपवून शास्ते म्हणाले, "त्या वेळचे आचार्य माणिभद्र म्हणजे आजचे स्थविर उग्रसेन. कण्हा म्हणजे ही सोणी. आणि तो वैद्य मीच होतो."

उप्पली आज कोण आहे, हे त्यांनी सांगितले नाही. कोणी विचारलेही नाही. उग्रसेनांनी पुढे होऊन शास्त्यांच्या हातातली वाटी घेतली आणि ते म्हातारीच्या उशाशी जाऊन बसले.

त्या जन्मी बोधिसत्त्वांनी आचरलेला गुण म्हणजे करुणा. बोलावणे येईपर्यंत जी दारात थांबून राहते तिला हे नाव शोभत नाही.