आठ बाजूंचा खेळाडू

“आमच्या बेसबॉलच्या संघात सगळ्यात अष्टपैलू खेळाडू कोण?” तांबुळवाडीचे राजे उदाजीराव यांनी भर दरबारात विचारलं. “आणि नीट ऐका! आमचं नाव घेतलंत तर ती खुशामत. दुसऱ्याचं घेतलंत तर आमचा अपमान. गप्प बसलात तर हुकूम मोडला. तिन्हींना शिक्षा एकच, संस्थान सोडायचं!”

दरबारी एकमेकांच्या मागे सरकायला लागले.

राजेसाहेब अमेरिकेला जाऊन आले तेव्हा हा खेळ बरोबर घेऊन आले होते. एकाने चेंडू फेकायचा, दुसऱ्याने दांड्याने तो टोलवायचा आणि मैदानातल्या चार पोत्यांना पाय लावून धावत परत यायचं. बाकीच्यांनी चेंडू अडवायचा. या खेळासाठी राजेसाहेबांनी पगारी खेळाडू ठेवले होते. स्वतःही खेळत. ते धावायला लागले की मागून छत्रीवाला धावे, आणि चेंडू झेलणाऱ्यांना नेमकी त्याच वेळी शिंक येई.

तीन दिवस वाद चालला. दिवाण बापूसाहेब म्हणाले, “जो लांब टोलवतो तो मोठा.” लांब टोलवणारा भुजंगराव त्यांचा जावई होता. सेनापती म्हणाले, “छे! जो जोरात फेकतो तो.” जोरात फेकणारा लखबा त्यांच्या पागेतला होता. राजज्योतिषांनी सगळ्या खेळाडूंच्या पत्रिका मागवल्या. पण नाव घ्यायची वेळ आली की जो तो खोकायचा.

चौथ्या दिवशी गजराबाई परटीण धुतलेल्या कपड्यांचं गाठोडं घेऊन आली. दारात उभी राहून तिने थोडा वाद ऐकला आणि तिला फिस्सकन हसू आलं.

दिवाणांना तेवढंच हवं होतं. “सरकार, हिला हसू येतंय! म्हणजे हिला उत्तर ठाऊक आहे. हिलाच विचारा!”

“ठीक आहे,” राजेसाहेब म्हणाले. “आज सामना आहे. तो बघ आणि उद्या सकाळी उत्तर दे. नाही तर शिक्षा तीच.”

गजराबाईचं हसू मावळलं. तिचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. नदीवर ज्या दगडावर तो कपडे आपटायचा, त्याच दगडावर आता ती आपटत होती. गाव सोडायचं म्हणजे तो दगड सोडायचा. माणूस गेल्यावर त्याचं तेवढंच तर उरलं होतं.

“बरं सरकार,” ती म्हणाली. “पण सामना बघायला मला सवड नाही. सामना संपला की सगळ्यांचे कपडे तेवढे माझ्याकडे पाठवा.”

दुसऱ्या दिवशी ती गाठोडं घेऊन आली. ते सोडताच दरबाऱ्यांनी नाकाला उपरणी लावली.

“अगं, हे धुतलेलेच नाहीत!” दिवाण ओरडले.

“धुतले असते तर उत्तर नदीत गेलं असतं, दिवाणसाहेब!” तिने एक सदरा उचलला. “हा भुजंगरावांचा. काखेत उसवलाय. मारतात जोरात. पण विजारीचे गुडघे कोरे. चेंडू जमिनीवर आला की यांचा आणि त्याचा संबंध संपला!”

भुजंगरावाने मिशीवरचा हात खाली घेतला.

“हा लखबाचा. उजव्या बाहीला घामाचं मीठ आलंय, डावी बाही कोरडी. म्हणजे एक हात नोकरीला आणि एक हात सुट्टीवर!”

सेनापती छताकडे बघायला लागले.

“आणि हा सदरा, ही विजार बघा. मी अडाणी बाई. अष्टपैलू म्हणजे आठ बाजू एवढंच मला कळतं. दोन्ही गुडघे गवताने हिरवे. दोन्ही कोपरं मातीने लाल. छातीवर धूळ, पोटावर सरपटला असणार. पाठीला चिखल. बसायच्या जागेचं विचारूच नका!”

“सात झाल्या,” ज्योतिषी बोटं मोजत म्हणाले. “आठवी?”

“ही टोपी. आतून मातीच माती! हात पुरले नाहीत तेव्हा चेंडू टोपीत झेललाय!”

राजेसाहेबांनी तो सदरा काठीने उंच धरला. “कोणाचा आहे हा?”

दरबाराच्या अगदी मागून आवाज आला. “माझा, सरकार.” दौला नावाचा एक बुटका खेळाडू संकोचून पुढे आला. “गजराबाई, अजून धुतला नाहीस होय? माझ्याकडे एकच आहे गं!”

“सरकार, गुन्हा!” दिवाण आनंदाने उठले. “हिने दुसऱ्याचं नाव घेतलं!”

“मी कधी घेतलं?” गजराबाई म्हणाली. “सदऱ्याचा मालक स्वतःच बोलला. नाव सोडा, मी त्याला हाक पण मारली नाही!”

दिवाण बसले. पण राजेसाहेबांच्या भुवया चढल्या होत्या. “आणि आमचे कपडे कुठे आहेत?”

गजराबाईने तळातून एक घडी काढली. पांढरीशुभ्र, मोगऱ्यासारखी.

“हे तेवढे धुतलेस वाटतं?”

“नाही सरकार. कालचेच आहेत. आले तसे ठेवलेत.”

छत्रीवाल्याने डोळे मिटून घेतले. राजेसाहेब सिंहासनावरून उठले.

“म्हणजे आम्ही खेळाडूच नाही, असं म्हणायचंय तुला?”

“खेळातलं मला काय कळतं, सरकार?” गजराबाईने हात जोडले. “पण परटिणीला विचाराल, तर साऱ्या संस्थानात तुमच्याइतकं दयाळू गिऱ्हाईक दुसरं नाही!”

मग राजेसाहेबांच्या पोटातून असं हसू फुटलं की त्यांची पगडी कानावर आली. ते हसले म्हटल्यावर दरबारही हसला. दिवाण सगळ्यांत मोठ्याने हसले.

“खुशामत नाही, अपमान नाही, आणि गप्पही बसली नाही!” डोळे पुसत राजेसाहेब म्हणाले. “दौलाला सहा नवे सदरे शिवा! आणि तू गजराबाई, हा घे!”

त्यांनी अंगावरचा जरीचा शेला काढून तिच्यापुढे धरला. गजराबाईने तो उलटसुलट करून पाहिला.

“सरकार, हा धुवायला की ठेवायला?”

“ठेवायला गं, ठेवायला!” राजेसाहेब म्हणाले, आणि हसता हसता पुन्हा खाली बसले.