आव्यात गेलेला कागद

एका गावात, कागद दुर्मिळ आणि माती मुबलक होती त्या काळी, एक कुंभारीण राहायची. तिच्या माठातलं पाणी भर वैशाखातही दात ठणकतील इतकं गार. सारी करामत शेजारच्या मळ्यातल्या मातीची. ती माती नेण्याचा करार म्हाताऱ्या माळ्याने तिला कागदावर करून दिला होता.

म्हातारा वारला आणि मळा त्याच्या पुतण्याकडे आला. पोरगा सरळ होता. म्हणाला, "मावशी, माती न्या की. पण काकांनी कागद करून दिलाय म्हणता, तो एकदा दाखवा. म्हणजे माझ्याही जिवाला घोर नको."

कुंभारीण घरी आली. छपराच्या गवतात खोचलेला कागद काढायला तिने हात वर केला आणि मटकन खालीच बसली. छपराचं गवत तिने नुकतंच बदललं होतं. आणि कुंभाराघरचं जुनं गवत जाणार कुठे? मडकी भाजायच्या आव्यात! मडक्यांबरोबर कागदही भाजला गेला. आता माती गेली, म्हणजे पोटही गेलं. बिचारी धाय मोकलून रडली.

रडणं ऐकून शेजारी धावत आला. गावात शहाणा म्हणून मिरवणारा. "रडता काय वहिनी? मी दुसरा लिहून देतो. धुरात धरा, आपोआप जुना दिसेल. म्हाताऱ्याची सही अशी ठोकतो, की तो उठून आला तरी फसेल!"

बुडत्याला काडीचा आधार. शेजाऱ्याने लिहून दिलेला कागद तिने धुरात धरला. कागद पिवळा पडत गेला, इतका हुबेहूब की तिलाच भीती वाटली. ज्याने आपल्याला जन्मभर माती दिली, त्याच्या तोंडी तो गेल्यावर खोटे शब्द घालायचे? तिने कागद चुलीत सारला आणि तडक मळा गाठला.

"कागद जळाला, बाबा. माझ्याच हातानं जळाला. त्यात काय होतं ते सांगते, पुढं तुझी मर्जी. तळ्याकडची माती न्यायची, बांधाला हात लावायचा नाही. आणि..." ती अडखळली. "आणि पावसाळ्याआधी खड्डे मीच बुजवायचे. तुझे काका कधी बोलले नाहीत, म्हणून दोन वर्षं मी बुजवले नाहीत."

पुतण्या मोकळेपणाने हसला. "मावशी, ही अट मला ठाऊकच नव्हती! खोटं बोलणारा माणूस आपल्याच गळ्यात धोंडा बांधून घेईल का? कागद जळाला, करार नाही जळाला."

पंचांसमोर नवा कागद झाला. त्यात आधी हेच लिहिलं, की जुना जळाला, आता हाच खरा. पुढेमागे कुणी जुना म्हणून आणला तर मानू नये. ते ऐकताना शहाणा शेजारी उगीचच आभाळाकडे बघत होता.

मग कुंभारीण पाटी घेऊन खड्डे बुजवायला गेली. दोन वर्षांचे खड्डे ते! कंबर धरून वाकते तो समोर पुतण्या फावडं घेऊन हजर.

"सरका मावशी," तो म्हणाला, "हे कागदात नाही, पण येतो मी."

तात्पर्य: कागद हरवला तर तसं उघड सांगावं, शब्द शिल्लक राहतो; खोटा कागद केला, की खरा शब्दही जातो.