होय साहेब

"उशीर झाला आणि ती हरवलेली पोरगी मेली, तर पाप कुणाच्या माथी, वस्ताद?"

फौजदार रंगराव खोत तालमीच्या दारातूनच कडाडला. बूट काढायचंही भान नव्हतं गड्याला! एके काळी ह्याच लाल मातीत घाम गाळलेला पठ्ठ्या तो.

दस्तगीर वस्तादांनी नुसती बसायची खूण केली. गावात कुणाचं हाड सरकलं की बसवायचं त्यांनीच. आज खोतानं कोठडीतला माणूस आणला होता, नामू फुगेवाला. त्याचा उजवा हात नुसता लोंबत होता. मी तालमीतलाच पोरगा, त्याला मागून धरून बसलो.

सकाळपासून शिपायाची चार वर्षांची पोर सापडत नव्हती. शेवटची दिसली ती नामूच्या गाडीपाशी.

"चटकन बसवा," खोत म्हणाला. "अजून विचारायचंय ह्याला."

वस्तादांनी खांदा चाचपला. हात तिथंच थांबला...

"हा डाव मीच तुला शिकवलेला, रंगा."

"मग काय ओवाळू ह्याला? बोलला की नाही शेवटी! पोर दगडाच्या खाणीत आहे म्हणाला. सगळी माणसं तिकडंच धाडलीत."

हाड बसवण्याआधी वस्ताद दुखणाऱ्यालाच विचारायचे. रीतच होती त्यांची.

"बाळा, इथं दुखतंय?"

"होय साहेब."

त्यांनी धडधाकट डाव्या हाताला बोट लावलं. "इथं?"

"होय साहेब."

"सोंगाड्या आहे लेकाचा," खोत म्हणाला.

वस्तादांनी शेजारच्या मल्लखांबावर हात ठेवला. "आणि इथं रे?"

नामूनं मल्लखांबाकडं पाहिलं. मग खोताकडं.

"होय साहेब. लई दुखतंय."

खोताचं तोंड उतरलं.

"रंगा," वस्ताद म्हणाले, "खाणीचं नाव आधी कुणी काढलं? त्यानं, का तू?"

"मीच विचारलं. खाणीत ठेवलीस का, म्हणून."

बाहेर ऊन कलत होतं. ओढा, विहिरी, उसाचे फड, काही काही कुणी बघितलं नव्हतं. दिवसभर सगळे खाणीत.

वस्तादांनी पोरांकडं बघून नुसती मान हलवली. तालमीतली पोरं लंगोटावर सदरे चढवत ओढ्याकडं पळाली.

मग त्यांनी नामूच्या हाताला झटका दिला. खांदा बसला. अशा वेळी भले भले पैलवान बोंबलतात. नामू ओरडला नाही.

"होय साहेब," एवढंच म्हणाला.

खोत पाया पडायला वाकला. वस्तादांनी पाय मागं घेतले.

"वस्ताद, त्या लेकरासाठीच केलं मी... माझं चुकलं नाही ना?"

वस्ताद हाताची माती झटकत उठले.

"मला कशाला विचारतोस? ह्याला विचार. तुला हवं तेच सांगेल."