टोपणासमोरची खुर्ची

“मग ती टोपणासमोर उभी का राहिली?”

वर्दे सरांनी हे विचारलं तेव्हा डॉ. हेरंब ओगले यांनी कोटसुद्धा काढला नव्हता. शीतगृहाशेजारच्या खोलीत ते आपल्या म्हाताऱ्या गुरूसमोर बसले होते. टेबलावर ओगल्यांनीच लिहिलेला चौकशीचा अहवाल. सरांची सही तेवढी बाकी.

“निष्काळजीपणा, सर. दुसरं काय?”

“कोणाचा?”

“तिचाच. निलोफर मुजावरचा. गेली बिचारी.”

गेली म्हणजे मेली. जहाजावर, भर दुपारी. समुद्रतळातून उपसून आणलेल्या गाळाच्या नळीचं टोपण उडून तिच्या छातीवर बसलं. त्या मोहिमेचे प्रमुख ओगले. आपल्याकडे खुर्ची मोठी झाली की चूक आपोआप धाकट्यांच्या पानात वाढली जाते. इथं तर धाकटी नको म्हणायलाही उरली नव्हती. सरांनी सही केली की निलोफर कायमची निष्काळजी ठरणार होती.

“त्या गाळात हायड्रेट होता. तो कसा तयार होतो, सांग.”

“सर, आता या वयात तोंडी परीक्षा...”

“सांग.”

ओगले हसले. परीक्षेत ते कधी अडले नव्हते.

“वाळूच्या कणांमध्ये पोकळ्या असतात. त्यांत पाणी. खालून वायू झिरपत वर येतो. डोक्यावर समुद्राचा दाब, भोवती गारठा. मग पाणीच वायूभोवती पिंजरा बांधतं. दिसायला बर्फ, पण काडी लावली तर पेटतो. कणांना तोच धरून ठेवतो.”

“वर आणला की?”

“दाब उतरतो, ऊब लागते, पिंजरे मोडतात. एका घमेल्यातून दीडशे घमेली वायू सुटतो. कणांची पकड जाते, वाळूचा चिखल होतो.”

“त्या वायूनं जायचं कुठून?”

“नळीला भोकं पाडतात. डेकवर आल्या आल्या, ड्रिलनं. टोपणं त्यानंतर.”

“त्या दिवशी पाडली?”

ओगले अहवालाची पानं सरळ करू लागले.

“हेरंब.”

“दिल्लीचे पाहुणे होते, सर. फोटो काढायचे होते. भोकं पाडली की चिखलाच्या पिचकाऱ्या उडतात, नळीची चाळण दिसते. म्हटलं, आधी टोपणं घट्ट बसवा, फोटो होऊ द्या.”

“टोपण दाबून धरायला कोणाला सांगितलंस?”

“जवळ उभी होती तिला.”

“ती काही बोलली?”

“म्हणाली, आधी भोकं पाडू या. चारचौघांत! पाहुण्यांच्या तोंडावर! मी म्हटलं, अक्कल नंतर पाजळ, आधी धर.”

“बोलू द्यायचंस तिला.”

आता ओगले तडकले.

“सर, तुमच्यापुढे मी कधी तोंड उघडलं होतं का?”

सरांनी दोरीचा चष्मा उतरवून छातीवर सोडला.

खरंच होतं ते. वर्दे सर काही संत नव्हते. त्यांच्या प्रयोगशाळेत शंका काढणाऱ्याला ते सगळ्यांदेखत काचेची भांडी घासायला बसवायचे. लोक त्याला शिस्त म्हणायचे. पोरं मान खाली घालून मोठी व्हायची, आणि खुर्ची मिळाली की दुसऱ्यांच्या माना खाली दाबायची. कोणाला काही वाटायचं नाही. नळी बाहेरून अखंड दिसायची.

सर उठले. जाड मोजे चढवून शीतगृहात गेले आणि एक नळी छातीशी धरून घेऊन आले. पांढरी, वाफाळती. दोन्ही टोपणं चिकटपट्टीनं आवळलेली. भोक एकही नाही.

“निलोफरचा जीव घेतला, त्या नळीच्या पाठोपाठ काढलेली ही. तुझ्याच हुकमानं अशी बंद करून गोठवलेली.”

त्यांनी ती टेबलावर आडवी घातली, बाजूंनी लाकडी ठोकळे लावले. एका टोपणासमोर खुर्ची ओढली.

“मी सही करतो. पण शेवटचं पान इथं बसून पुन्हा लिही. चूक कोणाची, तेवढंच पान.”

“एवढंच ना?”

ओगले बसले. लिहायला लागले.

खोलीत उकडत होतं. नळीवरचं दव ओघळून टेबलावर पसरत होतं.

टक्.

ओगल्यांचं पेन थांबलं. त्यांनी हळूच नळीला बोट लावलं.

“गार आहे, सर. चांगलीच गार. म्हणजे अजून मोडायला लागला नसणार.”

“मोडताना तो भोवतालची ऊब पितो. मोडतो तेव्हाच जास्त गार लागतो.”

ओगल्यांनी बोट मागे घेतलं.

टक्. टक्.

चिकटपट्टी ताणून पांढरी पडली. खुर्ची फरशीवर कुरकुरली.

“सरकलास?”

“नाही... उजेड पडत नव्हता.”

“खिडकी तर तुझ्या समोर आहे.”

टोपण मधोमध फुगलं. ओगले उठलेच. भिंतीला पाठ लावून उभे राहिले. अहवालाचं पान हातात चुरगळलं होतं.

“ड्रिल कुठंय? सर, भोक पाडा! आधी भोक पाडा!”

“तीही हेच म्हणाली होती.”

सर चालत त्या रिकाम्या खुर्चीपाशी गेले. बसले. टोपणाच्या अगदी समोर. छातीवरचा चष्मा काढून बाजूला ठेवला.

“सर, तिथं काय बसता? उठा!”

सरांनी पाठ खुर्चीला टेकवली.

“सर, पाया पडतो तुमच्या. उठा. हा कागद फाडतो मी. आत्ता फाडतो.”

“फाडू नकोस,” सर म्हणाले. “तिचं नाव खोड. आणि तिथं दोन नावं मावतील एवढी जागा ठेव.”