दुसऱ्या शिंकेचं दुकान

तोरणपूरचा राजा लागोपाठ तीन दिवस शिकारीला निघाला आणि तिन्ही दिवस गावाच्या वेशीतूनच माघारी आला. कारण काय, तर शिंक! निघताना एक शिंक आली की अपशकुन आणि पाठोपाठ दुसरी आली तर शकुन, हे तोरणपुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. राजाला नेमकी एकच यायची.

शिंकेचं मूळ शोधायला लांब जावं लागलं नाही. वेशीला लागूनच धुरपदा मिरच्या कांडायची. दिवसभर तिचं मुसळ धपधप पडायचं आणि तिखटाची धूळ येणाऱ्याजाणाऱ्याच्या नाकात शिरायची. बाजाराला आलेल्या गाड्या वेशीतूनच वळायच्या. पेठेतले कापडवाले नरसीशेट दुकानात माशा मारत बसले होते. शेवटी त्यांनीच दरबारात गाऱ्हाणं घातलं आणि धुरपदाला बोलावणं आलं.

राजाने कांडप बंद करायला सांगितलं. धुरपदाचं उखळ म्हणजे वेशीतल्या कातळात खोदलेला खळगा. सासूच्या सासूपासून त्याच्यावर घर चाललेलं. ते काही डोक्यावर घेऊन दुसरीकडे नेता येत नव्हतं. पण घाबरली तरी तिची जीभ काही गप्प बसली नाही.

“बंद करते की म्हाराज. पर वाड्यावरच्या रश्शाला तिखट कोन कांडंल?”

राजाला झणझणीत रश्शावाचून घास उतरत नसे. तो अडला. पण अडला तरी राजाच तो, आणि त्यातून हेकट! त्याने नवी अट काढली. कांडप चालू राहील, जागाही तीच राहील, पण आठ दिवसांत एकही माणूस शिंकेपायी वेशीतून माघारी फिरता कामा नये. एक जरी फिरला, तर उखळात दगड-माती भरून ते कायमचं बुजवायचं. नरसीशेट मिशीतल्या मिशीत हसले. मिरची कांडायची आणि कुणी शिंकायचं नाही, हे कसं जमावं?

धुरपदा घरी येऊन पोटभर रडली, राजाला चार शिव्या दिल्या आणि सकाळी पुन्हा मुसळ हातात घेतलं. उखळात डोकं घातल्यावर मुसळाला भिऊन कसं चालेल?

पहिलाच आला एक म्हातारा, बैल घ्यायला निघालेला. वेशीत त्याला शिंक आली आणि बिचाऱ्याचा पायच उचलेना. तो वळणार, तेवढ्यात धुरपदाने चिमूटभर तिखट फडक्यात बांधून त्याच्या नाकाखाली धरलं. म्हाताऱ्याला अशी शिंक आली की पागोटं चार हात लांब पडलं. दोन झाल्या, शकुन झाला! म्हातारा ताठ मानेने बाजारात गेला, मनासारखा बैल घेऊन आला आणि जाताना शेरभर तिखटही घेऊन गेला.

मग काय विचारता! शिंका तेवढ्याच राहिल्या, पण वळायचं कुणी नाव काढेना. दोन दिवसांत धुरपदाने तिखटाच्या पुरचुंड्या बांधून विकायला मांडल्या. सुना माहेरी निघाल्या की मुद्दाम शिंकणाऱ्या सासवा गावात काही कमी नव्हत्या. त्या सुना पुरचुंड्या पदराला बांधून नेऊ लागल्या. कुणाला तिसरी शिंक आलीच, तर तो पुन्हा अपशकुन. मग धुरपदा चौथीसाठी आणखी एक पुरचुंडी विकायची. कांडून कांडून तिचं उखळ लाल झालं होतं, पण खरं तर ते चांगलंच पांढरं झालं. गर्दीमुळे नरसीशेटचं कापडही खपू लागलं. आभार मात्र त्यांनी मानले नाहीत.

आठव्या दिवशी राजा स्वतः घोड्यावरून आला. वेशीत पोचताच त्याला शिंक आली. एकच! धुरपदाने पुरचुंडी पुढे केली, पण राजाने चिमटीत नाक धरलं.

“मला नको तुझं औषध. मला शिंक आली आणि मी माघारी चाललो,” तो नाकातून म्हणाला. “तू हरलीस, बाई.”

नरसीशेटनी दगड-मातीच्या पाट्या तयारच ठेवल्या होत्या. पण धुरपदाने मुसळ काही खाली ठेवलं नाही.

“व्हय म्हाराज, पर शिंक काय फकस्त फुडं जानाऱ्यालाच अडवती? वाड्याकडं निघालासा, ते बी निघनंच की. एक शिंक झाल्याव मागं तरी पाऊल कसं उचलायचं?”

राजाने लगाम खेचला. पुढे अपशकुन, मागेही अपशकुन! घोडा होता तिथेच उभा राहिला. आणि धुरपदा? ती नव्या मिरच्या उखळात ओतून जोरजोरात कांडू लागली. राजाने नाक घट्ट दाबलं. पण नाक दाबलं की तोंड उघडतंच. कांडप थांबव असं सांगायला त्याने तोंड उघडलं आणि जी शिंक आली, तिने घोडासुद्धा दचकला.

“दोन झाल्या म्हाराज. आता खुशाल फुडं चला.”

लोक हसू दाबत उभे होते. राजाला हरायची सवय नव्हती. त्याने डोळे पुसत शेवटचा खडा टाकला. आज वारा तिच्या बाजूचा म्हणून तिचं फावलं. उद्या वारा फिरला, धूळ रानात गेली आणि गावात शिंकच उरली नाही, तर तिची दुसरी शिंक घेणार कोण?

“मग तर लईच झ्याक!” धुरपदा म्हणाली. “शिंक न्हाई म्हंजी कुनाचंच काम अडायचं न्हाई. लग्नं व्हतील, बारशी व्हतील, पंगती उठतील. त्या पंगतींना तिखट काय नरसीशेटच्या दुकानातनं न्यायचं?”

राजा पोट धरधरून हसला. हसता हसता धूळ घशात गेली आणि त्याला तिसरी शिंक आली. तिसरी म्हणजे पुन्हा अपशकुन!

धुरपदाने पुरचुंडी पुढे केली.

“मगाची वाऱ्याची व्हती, फुकट दिली. हिचं मातर पैसं पडतील, म्हाराज.”

राजाने हसतच हातातलं सोन्याचं कडं काढून तिच्या उखळाच्या काठावर ठेवलं आणि मुकाट्याने पुरचुंडी नाकाला लावली.